दंडातला जोर आणि पाण्याचा विरोध

कृष्णा-कोयनेच्या काठच्या मुलाला पोहणे शिकवावे लागत नाही, असे आम्ही कराडकर अभिमानाने सांगतो. पाठीला डबा बांधला, चार दिवस नाकातोंडात पाणी गेले की झाले! बुडू नये म्हणून तेवढे पुरते. शर्यतीला पुरत नाही. तरीही ज्याच्या दंडात जोर आणि जो जास्त फेऱ्या मारतो तोच चांगला पोहणारा, असे आपल्याकडे अजून मानतात. मला ते पटत नाही.

थोडे गणित करू या. शर्यतीत पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग १० टक्के वाढला की विरोध १.२१ पट होतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणजे ती १.३३ पट हवी. एवढी शक्ती नुसत्या जोर-बैठकांनी कोठून आणणार? त्यापेक्षा मान सरळ ठेवून कंबर वर आणली, तर अंग पाण्याला कमी आडवे येते आणि मुळात विरोधच घटतो.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी पोहणाऱ्यांचे पाण्याखालून चित्रण करून त्यांच्या हातांची हालचाल अभ्यासली. त्यांचा शिष्य मार्क स्पिट्झ याने १९७२ साली म्युनिकला ७ सुवर्णपदके मिळवली. तळहाताला विमानाच्या पंखासारखी उचल मिळते, हे त्यांचे म्हणणे पुढे बरेच दुरुस्त करावे लागले. पाण्याखाली डोकावून पाहण्याची पद्धत मात्र टिकली. विरोध कमी करणाऱ्या पोशाखांनी २००८-०९ मध्ये इतके विक्रम मोडले, की २०१० पासून त्यांवर बंदी आली. जलतरणपटूंचे दंड काही दोन वर्षांत दुप्पट झाले नव्हते!

आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक जिंकले. सरासरी वेग सेकंदाला १.३४ मीटर. धडधाकट मुलांनी आपला वेग मोजून पाहावाच!

मोजायला यंत्रे लागत नाहीत. शिक्षकांनी फेऱ्यांबरोबर हातही मोजावेत. २५ मीटरला २० सेकंद आणि २५ हात लागले, तर एका हाताला १ मीटर पडला. महिन्याने तेवढ्याच वेळात २२ हात लागले, तर १.१४ मीटर. भिंतीला दिलेला रेटा दोन्ही वेळी सारखा हवा. आणि हा प्रयोग तलावातच, शिक्षकांसमोर करा. प्रीतिसंगमावर नको, तेथे भोवऱ्यांची भीती आहेच, शिवाय प्रवाहाचा वेग तुमच्या वेगात मिसळून उत्तर चुकते.