‘सप्तकोटी’ म्हणजे नेमके कोण?

‘वंदे मातरम्’च्या तिसऱ्या कडव्यात एक आकडा येतो : सप्तकोटी. आज अनेक ठिकाणी त्याऐवजी ‘कोटी कोटी’ असे गायले जाते, त्यामुळे मूळ शब्द कानी पडला की नवी पिढी बुचकळ्यात पडते. भारतमातेची लेकरे सातच कोटी? नेमक्या याच प्रश्नाचे भांडवल करून आपले पुरोगामी पंडित निकाल देतात की, हे गीत राष्ट्राचे नव्हेच, एका प्रांताचे! आणि हेच पंडित पुढच्या श्वासात सांगतात की, हे गीत मुसलमानांना वगळणारे आहे.

या महाशयांनी आकडा तरी तपासावा. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय हे डेप्युटी मॅजिस्ट्रेट. सरकारी दप्तर त्यांच्या रोजच्या हाताखालचे. 1872 च्या शिरगणतीत बंगाल इलाख्याची लोकसंख्या भरली सुमारे 6 कोटी 68 लाख. या इलाख्यात बंगालबरोबर बिहार, ओरिसा आणि आसामही होते. गीत रचले गेले 1875 च्या सुमारास. सप्तकोटी हा आकडा आला तो असा. आता त्या पावणेसात कोटींत मुसलमान किती होते? सुमारे दोन कोटी! केवळ हिंदू मोजायचे असते, तर कवीला सातापर्यंत पोहोचताच आले नसते. मातेच्या कंठांत त्याने प्रत्येक कंठ मोजला आहे.

यावर ‘आनंदमठ’कडे बोट दाखवले जाते. कादंबरी पुस्तकरूपाने आली 1882 मध्ये, आणि तिचा काळ आहे 1770 च्या भीषण दुष्काळाचा. त्या दुष्काळात बंगालची एक तृतीयांश प्रजा मेली, असा खुद्द वॉरन हेस्टिंग्जचा अंदाज होता. अशा उजाड मुलखात सात कोटी माणसे कुठून येणार? आकडा कादंबरीच्या काळाचा नाही, कवीच्या स्वतःच्या काळाचा आहे. म्हणजेच गीत कादंबरीतील लढाईसाठी बेतलेले नाही. ते आधीचे आहे, स्वतंत्र आहे. कथेतील संघर्षाचे ओझे त्याच्या माथी मारणे हा अप्रामाणिकपणा आहे.

राहता राहिला प्रांतीयतेचा आक्षेप. आकडा बंगाल इलाख्याचा आहे, हे मान्यच. पण 1905 च्या काशी काँग्रेसमध्ये सरलादेवी चौधुराणी यांनी ‘सप्तकोटी’च्या जागी ‘त्रिंशकोटी’ असे गायले. 1901 च्या शिरगणतीत हिंदुस्थानची लोकसंख्या 29 कोटींवर होती. हाही हिशेब चोख! एका प्रांताचे गीत देशाने असे आपले केले.

खरी शोकांतिका 1937 ची. काँग्रेस कार्यसमितीने पहिली दोनच कडवी राष्ट्रीय सभांतून गावीत, असे ठरवले. रवींद्रनाथांचा सल्लाही तसाच होता, आणि 1896 मध्ये कलकत्ता काँग्रेसमध्ये हे गीत गाणाऱ्या माणसाचे मत कुणी हसण्यावारी नेऊ नये. आक्षेप होता देवीच्या उल्लेखांना. परंतु कात्री चालली ती तिसऱ्या कडव्यापासूनच! दोन कोटी मुसलमानांना मातेची लेकरे म्हणून मोजणारा शब्दच त्यांना दुखवू नये म्हणून बाजूला पडला. लांगूलचालनाचा याहून उफराटा नमुना क्वचितच सापडेल.

आपल्याकडील उत्साही मंडळींनीही ‘सप्तकोटी’ला लाजू नये. श्रीअरविंदांनी 1909 मध्ये या गीताचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा देश तीस कोटींचा आहे हे त्यांना ठाऊक होते. आकडा त्यांनी सात कोटींचाच ठेवला.