उलटलेला दगड परत ठेवा!

पाऊस सुरू झाला की पेण-रोह्याच्या डोंगरात रात्री बॅटऱ्या फिरू लागतात. साप-बेडकांचे फोटो काढायला. काढा की! पण दगड उलटून तसाच का टाकता राव? सॅलॅमँडर इथे सापडणार नाही, तो दार्जिलिंगकडचा. आपल्याकडे दगडाखाली देवगांडूळ असतं. ना गांडूळ, ना साप. बेडकाचा बिनपायाचा भाऊबंद. मादी ओल्या मातीत अंड्यांना वेटोळं घालून राखण करते. दगड हलला, ओल गेली, अंडी सुकली. फणसाड १९८६ साली अभयारण्य झालं ते काय लाइक्ससाठी? मोळीवाल्या कातकऱ्याला नियम, कॅमेरेवाल्याला मोकळं रान? वनखात्याने रात्रीच्या भटक्यांना स्थानिक वाटाड्या सक्तीचा करावा. आणि गाववाल्यांनो, देवगांडूळ साप समजून ठेचू नका.