विश्लेषण : पूरबोटीची मोटार निवडताना अश्वशक्तीपलीकडे काय पाहावे?

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णा-पंचगंगेकाठच्या गावांना रबरी बोट नवी राहिलेली नाही. मात्र खरेदीच्या वेळी चर्चा होते ती किंमत आणि मोटारीच्या अश्वशक्तीची. जीव वाचतो की धोक्यात येतो, हे बऱ्याचदा इतर साध्या गोष्टींवर ठरते.

अश्वशक्ती जास्त, तर बोट सुरक्षित?

तसे नाही. किती माणसे, किती वजन आणि कमाल किती अश्वशक्ती, हे चांगल्या बोटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. चालक आणि इंधनाची टाकी मागेच असतात. त्यात जड मोटार लटकवली की बोटीचे नाक वर उचलते आणि मागून पाणी आत येऊ शकते. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ऑगस्ट २०१९ मध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. मर्यादा मोडण्याची किंमत त्या दिवशी कळली. मर्यादेच्या आतली मोटार पूर्ण भार घेऊन प्रवाहाविरुद्ध जाते का, हीच खरी चाचणी.

शाफ्टच्या लांबीने काय फरक पडतो?

लहान मोटारी साधारण १५ इंच (आखूड) आणि २० इंच (लांब) अशा शाफ्टमध्ये येतात. ज्या मागच्या फळीवर मोटार बसते, तिच्या उंचीशी ही लांबी जुळली पाहिजे. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि मोटार नुसतीच ओरडते. लांब झाला तर गल्लीतल्या कंबरभर पाण्यात तो दुभाजकावर, कुंपणावर आदळतो. म्हणून मोटार अर्धवट वर उचलून चालवण्याची सोय हवीच.

पंख्याला जाळी लावावी का?

पूरबोटीला लावावी, असे माझे मत. जाळीमुळे थोडा वेग जातो, हे खरे. पण इथे माणसे पाण्यातून बोटीत ओढून घ्यायची असतात आणि फिरता पंखा त्यांच्या पायांजवळच असतो. मात्र जलपर्णी, उसाचे पाचट, दोर जाळीतही अडकतात. म्हणून मोटार बंद करून चटकन उचलता आली पाहिजे आणि वल्ही कायम बोटीत हवीत. पंखा नसलेली जेट मोटार सुरक्षित वाटते, पण कचऱ्याने तिचे तोंड लवकर तुंबते.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

टू-स्ट्रोक हलकी आणि दुरुस्तीला सोपी; पण पेट्रोल जास्त पिते, धूर करते आणि अनेक मॉडेलांत तेल हाताने मिसळावे लागते. घाईत तेल विसरले की इंजिन जाम. फोर-स्ट्रोक शांत आणि कमी पेट्रोल पिणारी, पण वजनदार. ती वाहून नेताना चुकीच्या कुशीवर आडवी केली तर तेल सिलिंडरमध्ये उतरते. दोन माणसांना मोटार उचलून ट्रॉलीत ठेवायची असेल, तर हे वजन आधी मोजावे.

पेट्रोलचा प्रश्न कोणता?

अनेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात. पंपावर मात्र २० टक्के मिश्रण मिळते. इथेनॉल पाणी शोषते. वर्षभर टाकीत राहिलेल्या इंधनात पाणी साठून वेगळा थर होतो आणि कार्ब्युरेटर तुंबतो. त्यामुळे किती मिश्रण चालेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि पावसाळा संपताच टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

कोणत्या गोष्टींवर तडजोड नको?

चालकाच्या मनगटाला बांधायची, तो पडताच मोटार बंद करणारी दोरी. गिअरमध्ये असताना सुरू न होणारी मोटार. आणि बॅटरी बसली तरी हाताने ओढून सुरू करायची सोय. गढूळ पाण्यातील गाळाने पाण्याच्या पंपाचे रबरी चाक झिजते. ते चाक जवळच्या शहरात मिळते का, हेही विचारावे.

अश्वशक्तीचा आकडा निविदेत लिहायला सोपा असतो, म्हणून तोच लिहिला जातो. वरील बाबी त्याच कागदावर अटी म्हणून याव्यात. आणि बोट ताब्यात घेण्यापूर्वी, मे महिन्यातच, गावच्या चालकाने ती पूर्ण भारासह नदीत चालवून पाहावी. पूर आल्यावर मोटार बदलता येत नाही.