गाईडची सही आणि पन्नास हजार कोटी

विज्ञानाला जात नसते, विज्ञानाला लिंग नसते, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. परीक्षानळी कोणाच्या हातात आहे हे रसायनाला कळत नाही, हे खरेच आहे. पण ती कोणाच्या हातात द्यायची, शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे टाकायचे आणि कोणाचा प्रबंध वर्षानुवर्षे अडवून ठेवायचा, हे रसायन ठरवत नाही. ते प्रयोगशाळेचा प्रमुख ठरवतो. त्या प्रमुखाच्या हाती एवढी सत्ता कोणी दिली आणि त्या सत्तेचा उपयोग तो एखाद्या मुलीच्या देहापर्यंत पोहोचण्यासाठी करू लागला तर त्याला रोखणार कोण, हा प्रश्न आम्ही आज चळवळीच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी ‘चिप्स अँड सायन्स’ नावाच्या कायद्यावर सही केली. आपल्याकडच्या प्रस्थापित वृत्तपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. तैवान, चीन, संगणकाच्या चिप्स, कारखाने, सगळे आले. पण याच कायद्यात विज्ञान क्षेत्रातील लैंगिक छळ रोखण्यासाठीचा एक स्वतंत्र भाग आहे, हे किती जणांनी छापले? आणि तो भाग ज्या विधेयकातून आला, ते मांडणारी बाई कोण होती, हे तर कोणालाच सांगावेसे वाटले नाही. म्हणून आम्ही सांगतो.

तिचे नाव एडी बर्निस जॉन्सन. टेक्सासमधील वॅको गावची कृष्णवर्णीय मुलगी. तिला नर्स व्हायचे होते, पण त्या काळी टेक्सासमधील मान्यताप्राप्त नर्सिंग शाळा काळ्या मुलींना प्रवेश देत नव्हत्या. ती घर सोडून दूर इंडियाना राज्यात जाऊन शिकली. डलासच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात तिने वर्षानुवर्षे काम केले आणि पुढे अमेरिकन संसदेत निवडून गेलेली पहिली नोंदणीकृत नर्स ठरली. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या विज्ञान समितीचे अध्यक्षपद तिच्याकडे आले. त्या खुर्चीवर बसलेली ती पहिली महिला आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. त्याच वर्षी तिचे विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झाले, सिनेटमध्ये अडकले आणि शेवटी २०२२ च्या त्या मोठ्या कायद्यात सामावले गेले. ३१ डिसेंबर २०२३ रोजी ती गेली. जिला शाळेच्या दारातून परत पाठवले, तिनेच विज्ञानाच्या दारावर पहारा बसवला. आपल्या वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

हा कायदा आभाळातून पडला नाही. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या एका जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाचे प्रकरण उघडकीस आले. २००१ ते २०१० या काळात त्याने विद्यार्थिनींशी केलेले वर्तन नियमभंग करणारे आहे, असा निष्कर्ष विद्यापीठाच्याच चौकशीने काढला होता. शिक्षा काय? ताकीद! बातमी फुटली, सहकारी खवळले, तेव्हा कुठे गृहस्थांनी राजीनामा दिला. दुसरे प्रकरण बोस्टन विद्यापीठातील भूगर्भशास्त्रज्ञाचे. अंटार्क्टिकाच्या बर्फात, जिथून पायी निघून जाणे शक्यच नसते अशा छावणीत, त्याने एका विद्यार्थिनीला गलिच्छ लैंगिक शिव्या देऊन छळले, हे विद्यापीठाने मान्य केले. तिने तक्रार केली २०१६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पंधराहून अधिक वर्षांनी. ती का थांबली? कारण स्वतःची नोकरी कायम होईपर्यंत तोंड उघडण्याची सोय नव्हती. २०१९ मध्ये तो बडतर्फ झाला. अंटार्क्टिकातील एका हिमनदीला त्याचे नाव दिलेले होते, तेही काढून टाकले गेले.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या विषयावर मोठा अहवाल काढला. टेक्सासच्या विद्यापीठांतील पाहणीचे आकडे त्यात आहेत. विज्ञान शाखेच्या सुमारे २० टक्के, अभियांत्रिकीच्या पंचवीस टक्क्यांहून अधिक आणि वैद्यकीयच्या चाळीस टक्क्यांहून अधिक विद्यार्थिनींनी प्राध्यापक वा कर्मचाऱ्यांकडून लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. त्याच अहवालाने आणखी एक कडू गोष्ट नोंदवली. संस्था नियम करतात, समित्या नेमतात, प्रशिक्षणाचे वर्ग घेतात, ते बहुतेक वेळा खटल्यातून स्वतःची मान सोडवण्यासाठी. छळ त्याने थांबत नाही. विद्यार्थी एकाच माणसाच्या मुठीत राहील अशी रचना मोडा, असे अकादमीने सुचवले. २०१७ मध्ये खगोलशास्त्र आणि ग्रहविज्ञान क्षेत्रातील लोकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात गौरेतर महिलांपैकी ४० टक्के महिलांनी बाई म्हणून आणि २८ टक्के महिलांनी वंशामुळे कामाच्या जागी असुरक्षित वाटल्याचे सांगितले. एकाच बाईवर दोन बाजूंनी मार. आपल्या लेकींना हे नवीन आहे का?

अमेरिकेने मग कुठे हात घातला? पैशात. प्राध्यापक मोठा कशाने होतो? संशोधन प्रकल्पाच्या अनुदानाने. विद्यापीठ त्याला पाठीशी का घालते? तोच अनुदान आणतो म्हणून. मग अनुदानाचीच दोरी ओढा. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने ऑक्टोबर २०१८ पासून अट घातली की, प्रकल्पप्रमुखाने छळ केल्याचा निष्कर्ष निघाला किंवा त्याच्यावर कारवाई झाली, तर संस्थेने १० कामकाजी दिवसांत कळवले पाहिजे. त्यानंतर प्रकल्पप्रमुख बदलता येतो, पैसा कमी करता येतो, थांबवताही येतो. वैद्यकीय संशोधनाच्या पैशालाही २०२२ मध्ये संसदेने अशीच अट लावली. तिथे मुदत ३० दिवसांची. जॉन्सनबाईंच्या कायद्याने सर्व संघीय खात्यांसाठी समान सूत्रे आखायला सांगितली आणि छळाची कारणे शोधणाऱ्या संशोधनाला पैसा देण्याची तरतूद केली. अमेरिका स्वर्ग आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२५ मध्ये तिथे सरकार बदलताच याच प्रतिष्ठानने समतेशी संबंधित शेकडो अनुदाने रद्द केली. पण सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने सार्वजनिक नीती पाळली पाहिजे, हे तत्त्व तिथे कायद्याच्या पुस्तकात गेले आहे.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे. तो जन्मला विशाखा निकालातून, १९९७ च्या. आणि विशाखा निकाल जन्मला भंवरीदेवीच्या यातनेतून. राजस्थानातील भटेरी गावची ही कुंभार समाजातील बाई. सरकारी योजनेची साथिन म्हणून बालविवाह रोखायला गेली, तर १९९२ मध्ये गावातील वरच्या जातीच्या पुरुषांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळे केले. आज मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित कचेरीतील बाईला जे संरक्षण आहे ते एका बहुजन बाईच्या रक्तातून आले, आणि त्याच कायद्याच्या छळाच्या व्याख्येत जातीचा एक शब्द नाही!

नाही म्हणायला एका ठिकाणी जात आहे. जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीत किमान एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास किंवा अल्पसंख्याक समाजातील महिला असली पाहिजे, असे कायदा सांगतो. पण विद्यापीठात, प्रयोगशाळेत, जिथे खरी तक्रार जाते त्या अंतर्गत समितीला ही सक्ती नाही. का नाही? शेतमजूर बाईला जातीचा त्रास होतो आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलीला होत नाही, असे कायदा करणाऱ्यांना वाटले काय?

विज्ञानातली गोष्ट आणखी अवघड आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे. मराठी किंवा इतिहासाचा विद्यार्थी गाईडशी पटले नाही तर दुसऱ्या गाईडकडे जाऊ शकतो. ग्रंथालय तेच राहते, पुस्तके तीच राहतात. विज्ञानात उपकरण गाईडच्या प्रकल्पाचे, रसायने त्याच्या अनुदानाची, तीन वर्षे जमवलेली आकडेवारी त्याच्या संगणकात. २०१३ च्या कायद्याच्या नियमांत एक चांगली तरतूद आहे की, चौकशी चालू असताना तक्रारदार मुलीच्या शैक्षणिक कामावर त्या प्राध्यापकाची देखरेख थांबवता येते. छान! पण देखरेख थांबली आणि प्रयोगशाळाही सुटली, तर ती मुलगी काय घेऊन बसणार? त्यातून ती आपल्या वस्तीतून आलेली, बार्टीच्या किंवा केंद्राच्या फेलोशिपवर जगणारी. प्रगती अहवालावर गाईडची सही नाही तर फेलोशिप नाही, फेलोशिप नाही तर खानावळीचे पैसे नाहीत, घरी पाठवायला काही नाही. कुठल्याही विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात जाऊन विचारा, गाईडची सही म्हणजे काय ते कळेल. तक्रारीची मुदत तीन महिने, फार तर आणखी तीन महिने वाढते. बोस्टनच्या मुलीला पंधरा वर्षे लागली, आमच्या मुलीने सहा महिन्यांत सगळे पणाला लावावे, अशी अपेक्षा आहे.

आणि चौकशीचा दर्जा? गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात २००९ मध्ये चौकशी समितीने इतकी घाई केली, की नैसर्गिक न्याय पाळला नाही म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून चौकशी २००९ च्याच टप्प्यावरून पुन्हा सुरू करायला सांगितले. चौदा वर्षे! आरोपीला न्याय नाही आणि तक्रार करणाऱ्या मुलींनाही नाही. याच निकालात न्यायालयाने देशभरातील समित्यांच्या दुरवस्थेवर ताशेरे ओढले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत पैशाची दोरी थोडी आहे. नियम न पाळणाऱ्या संस्थेचे अनुदान रोखता येते. पण संस्थेने समिती नेमली, कागद रंगवले की ती सुटली. छळणाऱ्याच्या प्रकल्पाला धक्का लागत नाही. २०२३ मध्ये केंद्राने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची भाषा झाली, नियामक मंडळाच्या अध्यक्षपदी पंतप्रधान बसले. एवढ्या मोठ्या कायद्यात संशोधक मुलीच्या छळाबद्दल एक कलम घालावे असे कोणाला वाटले नाही. अट साधी आहे. छळ सिद्ध झाला की संस्थेने ठरावीक दिवसांत फाउंडेशनला कळवावे, प्रकल्प दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या हाती द्यावा आणि त्या मुलीची प्रयोगशाळा, तिची आकडेवारी व तिची फेलोशिप तिच्याकडेच राहावी. यासाठी नवीन कायदाही नको, अनुदानाच्या अटींत चार ओळी पुरतात.

ॲट्रॉसिटी कायद्याचेही सांगितले पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातीच्या महिलेला, ती त्या समाजाची आहे हे माहीत असताना, संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श करणे, लैंगिक शब्द वा हावभाव करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे, पीडित महिलेला अन्य कोणत्याही कायद्याखाली तक्रार करायची असेल तर मदत करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. किती संस्था हे मुलीला सांगतात? उलट ‘जात मध्ये आणू नकोस, प्रकरण बिघडेल’ असा सल्ला मिळतो, तोही सहानुभूतीच्या सुरात.

एक गोष्ट आपल्याच लोकांना. गाईड ‘आपला’ असला की आपल्या काही संघटनांचा आवाज खाली येतो. समाजाची बदनामी होईल म्हणे! बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले त्यामागे हिंदू कोड बिल हे एक मोठे कारण होते, आणि ते बिल केवळ आपल्या समाजातल्या बायकांसाठी नव्हते. हे आठवत असेल तर आपल्या माणसाविरुद्ध आलेली तक्रारही तेवढ्याच कडकपणे लढवावी लागेल.

अंतर्गत समितीचा आदेश दर्शनी जागी लावणे संस्थेवर बंधनकारक आहे. पुढच्या वेळी फेलोशिपचे निवेदन घेऊन विद्यापीठात जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी आधी तो कागद भिंतीवर शोधावा, त्यातली नावे वाचावीत, आपल्या समाजातील एक तरी बाई त्यात आहे का पाहावे आणि नसेल तर निवेदनात पहिली मागणी तीच लिहावी.