निर्मनुष्य म्हणजे बेवारस नव्हे

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी लक्षद्वीपला गेले. तेथील शुभ्र वाळूची आणि निळ्या-हिरव्या पाण्याची छायाचित्रे देशभर पोहोचली. मालदीवमधील काही उपमंत्र्यांच्या अवमानकारक टिप्पण्यांमुळे स्वाभिमान दुखावलेल्या भारतीय पर्यटकाने आपली दृष्टी मालदीवकडून या चिमुकल्या द्वीपसमूहाकडे वळवली. देशवासीयांनी प्रथम स्वदेश पाहावा, ही भावना स्वागतार्हच आहे. परंतु ज्या भूमीच्या अभिमानापोटी पाऊल उचलले, तीच त्या पावलाखाली चिरडली जाऊ लागली, तर त्या अभिमानाला अर्थ उरत नाही.

'लक्षद्वीपचा मालदीव करू या' ही घोषणा ऐकायला आकर्षक आहे, पण तिचे गणितच चुकलेले आहे. मालदीवमध्ये हजाराहून अधिक बेटे आणि सुमारे ३०० चौरस किलोमीटर भूमी आहे. लक्षद्वीपमध्ये बेटे ३६ आणि सारी भूमी मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम एक दशांश. त्यांपैकी १० बेटांवर मनुष्यवस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांहून अधिक माणसे तेथे राहतात, म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक. वसलेल्या बेटांवर जागा नाही, म्हणून नियोजनकारांची आणि हॉटेल व्यावसायिकांची नजर बंगाराम, तिन्नकारा, सुहेली यांसारख्या निर्मनुष्य बेटांवर स्थिरावते. 'तेथे कोणीच राहत नाही, मग अडचण कसली?' असा युक्तिवाद केला जातो. नेमका हाच युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे.

ही बेटे दगडामातीची नाहीत. ती प्रवाळ नावाच्या सूक्ष्म जिवांनी हजारो वर्षे खपून उभारलेल्या चुनखडीवर वसलेली आहेत. पर्यटक ज्या शुभ्र वाळूवर पहुडतो, ती प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या अवशेषांचा चुरा होय. बाहेरचा प्रवाळकठडा लाटांचा मारा स्वतःवर झेलतो, म्हणून आतले पाणी शांत राहते आणि बेट टिकते. सागराचे तापमान नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्या पेशींतील अन्न पुरवणारी शैवाले बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उष्मा लांबला तर मरतो. लक्षद्वीपने हा आघात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये सोसला, २०२४ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा सोसला. कठडा दुबळा झाला की वाळू वाहून जाऊ लागते. बंगारामच्या प्रवाळवलयातील पराली-१ हे बेट १९६८ मध्ये तीन हेक्टरांहून थोडे अधिक होते. ते पूर्णपणे समुद्रात गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. आजारी माणसाच्या पाठीवर ओझे लादायचे नसते, एवढा विवेक तरी येथे अपेक्षित आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. झिरपलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थराच्या रूपाने तरंगत राहते, तीच तेथील गोड्या पाण्याची पुंजी. ती प्रमाणाबाहेर उपसली की विहीर खारट होते. कवरत्ती येथे २००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी समुद्राच्या पृष्ठभागावरील व खोलातील पाण्याच्या तापमानांतील फरक वापरून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभारला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तो रहिवाशांच्या तहानेसाठी आहे, पोहण्याच्या तलावांसाठी नव्हे.

आणि ही बेटे निर्मनुष्य असली तरी बेवारस नाहीत. शेजारच्या बेटांवरील लोक तेथे नारळ काढण्यास आणि मासेमारीस जात आले आहेत. सागरी कासवे तेथे अंडी घालतात. पिट्टीसारख्या उजाड वाळूच्या बेटावर सागरी पक्षी वसाहती करतात. लक्षद्वीपचा मच्छीमार जाळ्याने समुद्र खरवडून काढत नाही. तो गळ-काठीने एकेक कुपा मासा पकडतो आणि त्यासाठी लागणारे जिवंत आमिष प्रवाळांच्या आसऱ्याने वाढणाऱ्या लहान माशांतून मिळवतो. प्रवाळ गेला की आमिष गेले, आमिष गेले की चूल विझली. इतका हा संबंध सरळ आहे.

मग ही बेटे कुलूपबंद करावीत काय? मुळीच नाही. देशाची सीमा आणि तेथील बांधव नागरिकांनी डोळ्यांनी पाहिले पाहिजेत, त्यातूनच आत्मीयता निर्माण होते. परंतु त्यासाठी काही पथ्ये हवीत. निर्मनुष्य बेटावर दिवसभराची भेट असावी, पक्की बांधकामे नसावीत. पर्यटकांची संख्या पाण्याच्या आणि कचऱ्याच्या क्षमतेवरून ठरावी, खोल्यांच्या संख्येवरून नव्हे. प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा आणणाऱ्यानेच परत न्यावा. निवास, नौका व मार्गदर्शन यांत पहिला वाटा बेटवासीयांचा असावा. प्रवेश-परवान्याची पद्धत म्हणजे कटकट नसून बहुतांश अनुसूचित जमातीच्या त्या समाजाचे संरक्षण आहे, हे पर्यटकानेही समजून घ्यावे.

मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू कुटुंबांना हे अवघड वाटू नये. सकाळी उठल्यावर भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्या घरांतील मुलांना जिवंत प्रवाळावर उभे राहू नये, हे वेगळे शिकवावे लागू नये. प्रवाळ घरी आणणे हा तर वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हाच आहे. कोकणातील कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतो, त्याआधी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून मासळीला उसंत देतो. आधी संयम, मग उपभोग, हा क्रम त्याला कोणत्याही परिषदेने शिकवलेला नाही. तोच क्रम लक्षद्वीपला जाणाऱ्याने पाळला, तर पुढच्या पिढीलाही तेथे पाहण्यासारखे काही उरेल.