मटणासारखं लागलं, म्हणूनच पप्पांनी ताट सरकवलं

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या जिन्यात येऊन उभे राहा. कांदा-खोबरं भाजल्याचा वास येईल आणि कुठल्या घरी मटण आहे ते तुम्ही डोळे मिटून सांगाल. आमच्या दाराशी मात्र फसाल. तो वास काळ्या वाटाण्यांचाही असू शकतो.

दोन वर्षांपूर्वी पप्पांनी पंढरपूरला जाऊन माळ घातली. गळ्यात तुळशीची माळ आली, ताटातून मटण-मासे गेले. तेव्हापासून रविवारी आई दोन टोप चढवते. एकात आमचं मटण, दुसऱ्यात पप्पांची भाजी. डाव वेगळा, तवासुद्धा वेगळा. पप्पा आमच्या आधीच जेवून घेतात आणि 'तुम्ही बसा निवांत' म्हणून गॅलरीत जाऊन बसतात. आम्ही चौघं एकत्र जेवायला सापडतो तेच मुळी रविवारी, त्यात हे असं. मला ते खुपायचं. म्हणून ठरवलं, एकच टोप. सगळ्यांना चालेल असं काहीतरी शोधून काढायचं.

आपण शोधायला कुठे जातो? फोनवर. तिथे तर दुकानच मांडलेलं. उदयपूरची 'गुडडॉट' आहे, २०२१ मध्ये रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी आणलेली 'इमॅजिन मीट्स' आहे. मी घेतलेलं खिम्याचं पाकीट तिसऱ्याच कुणाचं होतं, नाव राहू दे. तेवढ्याच वजनाच्या चिकनपेक्षा महाग पडलं, एवढं सांगते. आत काय? सोया आणि वाटाण्याची प्रथिनं. तेल काढून उरलेलं सोयाबीनचं पीठ उष्णता आणि दाब देऊन मशिनमधून काढलं की त्याला मांसासारखे धागे सुटतात. वाण्याकडे मिळणारी सोया वडी याच पद्धतीने बनते. नवीन पाकिटांनी त्यावर रंग, चरबीचा भास आणि वास चढवलाय.

आईने आमच्या नेहमीच्या वाटपात तो खिमा केला. खरं सांगू? भारी झाला होता. आजीने पाव मागून घेतला. पप्पांनी दोन घास खाल्ले आणि थांबले. मी उत्साहाने पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट बघितला आणि तरी ताट सरकवलं.

"मटणासारखं लागतंय," म्हणाले. "मग मी सोडलं काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. 'फरकच कळणार नाही' हे ज्या पाकिटाचं मोठेपण, नेमका तोच त्यांच्यासाठी दोष. माझा आक्षेप पाकिटांवर नाहीये. तुम्हाला प्राणी मारलेला नको पण ती चव हवी असेल, तर ती तुमच्याचसाठी आहेत, बिनधास्त घ्या. डॉक्टरांनी लाल मांस बंद केलं असेल तर मागच्या बाजूला मिठाचा आकडा आधी बघा. पण 'शाकाहारी पर्याय' म्हणून सगळ्यांना एकच वस्तू विकली जाते आणि कोण कशासाठी सोडतंय हे कुणी विचारत नाही. माझ्या एका मैत्रिणीने तर काहीच सोडलेलं नाही. तिच्या घरमालकिणीने भाड्याच्या अटीत तिच्याकडून सोडवून घेतलंय. अंडंसुद्धा नाही. तिने सोया खिमा केला तर मालकीणबाई वासावर दार वाजवायला आल्या! तिला पर्याय हवाय तो खिम्याला नाही, घराला.

मग वळले माशाकडे. लंडनमध्ये केळफुलाचा 'फिश' तळून बटाट्याच्या चिप्ससोबत विकतात, समुद्राचा वास यावा म्हणून त्यात समुद्री शेवाळ घालतात. आमच्याकडे केळफूल सोलून, रात्रभर भिजवून भाजी करतात. मी शेवाळ मागवलं, रील बघून पीठ कालवलं, तळलं. बाहेरून कुरकुरीत आणि आत निव्वळ केळफूल. आजी मूळची सिंधुदुर्गातली. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "केळफुलाक मासो म्हटलंस म्हणान ता पोवाक लागतला काय गो?"

त्याच दुपारी तिने मला सुरण चिरायला बसवलं. सुरणाच्या चकत्या कोकमाच्या आगळात ठेवायच्या म्हणजे घशाला खाज येत नाही. मग मीठ, मालवणी मसाला, वरून रवा आणि तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी काप खरपूस करायचे. म्हणजे सुरमईला जे जे करतात ते सगळं. नीरफणसाचे काप असेच, वांग्याचेही. कोवळ्या फणसाच्या कुयरीला तर बंगाली लोक 'गाछ पाठा' म्हणतात, झाडावरचा बोकड! आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात मटणाचंच वाटप पडतं. कोकणात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा सुक्या मासळीवर भागतं, पण मागोमाग श्रावण आला की तीही बंद. तेव्हा पर्याय शोधणं हे काही आपल्या पिढीने काढलेलं खूळ नाही.

जुन्नरकडची माझी वर्गमैत्रीण एकदा डब्यात मासवडी घेऊन आली होती. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरायचं आणि फडक्यानेच दाबून माशासारखा आकार द्यायचा. तुकडे कापून तिखटजाळ रश्श्यात. नावातच मासा, आणि गावातले माळकरी आवडीने खातात. जपानमध्ये टोफूचा एक प्रकार आहे, 'गानमोदोकी', त्याचा अर्थच नकली हंस. आणि आपल्या बोंबलाला इंग्रजांनी बदक केलंच की.

मग मी पप्पांना पकडलं. सुरणाला तोच मसाला, तोच रवा, मासवडीला तर नावही माशाचं. ते कसं चालतं?

"सुरण सुरणासारखं लागतं," पप्पा म्हणाले आणि चौथा काप उचलला.

आधी मला ही पळवाट वाटली. आता वाटत नाही. मासवडी खाणारा फसत नाही. बेसन आहे हे त्याला पहिल्या घासाला कळतं आणि चालतं. पाकिटातला खिमा तुम्ही फसावं म्हणूनच केलेला असतो.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही समजू नका. इथे आजीशी माझं वाजतं. सुरण, फणस दिसायला कितीही मटण-मच्छी झाले तरी प्रथिनांच्या बाबतीत भाजीच. शंभर ग्रॅममागे दोन-तीन ग्रॅमच्या पुढे नाहीत, बांगड्यात अठरा-वीस असतात. कोरडे काळे वाटाणे त्या तोडीचे आहेत. कोरड्या सोया वडीत तर पन्नासच्या आसपास, फक्त शंभर ग्रॅम वड्या भिजवून बघा, टोप भरतो, एकट्याने संपत नाही. बी-१२ यातल्या कशातच नाही. पप्पा साठीला आलेत. म्हणून आता आठवड्यातून दोनदा वाटाणे किंवा सोया वडी आणि रोज दूध-दही, हे मी भांडून घेतलंय. सोया वडी त्यांना चालते, कारण आई ती खिम्यासारखी करत नाही, टोमॅटोत वडी म्हणूनच करते.

एक टोप काही जमला नाही. वाटप मात्र आता एकच. आई कांदा-खोबरं एकदम भाजून वाटते, अर्धं मटणात जातं, अर्धं वाटाण्यात. गेल्या तीन रविवारी पप्पा आमच्याच पंगतीला बसलेत, भिंतीकडच्या बाजूला, वेगळा डाव घेऊन.

बुधवारी मी बाजारातून बांगडे आणले. पप्पा गॅलरीतून आत आले, पिशवीला हात न लावता लांबूनच वाकून बघितलं आणि विचारलं, "कल्ले लाल होते का? का नुसतं कोळणीने सांगितलं म्हणून घेतलेस?"