झळाळीचा जमाखर्च

चातुर्मास संपून लग्नसराई सुरू झाली की घरोघरी प्रसाधनांच्या याद्या निघतात. जाड थराचा मेकअप आता मागे पडला असून ‘नैसर्गिक झळाळी’ देणाऱ्या प्रसाधनांना मागणी आहे. हा विषय मुलीसुनांचा मानला जातो. तथापि त्यात खर्चाचा आणि आचाराचा, असे दोन्ही प्रश्न गुंतलेले असल्याने तो संपूर्ण कुटुंबाचा आहे.

झळाळी हा मुळात प्रकाशाचा खेळ आहे. ओलसर, मऊ त्वचेवरून प्रकाश एकसारखा परावर्तित होतो. कोरड्या, खरबरीत त्वचेवरून तो विखुरतो. म्हणून निम्मे काम ग्लिसरीनयुक्त साध्या मॉइश्चरायझरनेच होते. चेहरा धुतल्यावर तो किंचित ओला असतानाच ते लावावे. त्यात स्वतःच्या वर्णाशी जुळणाऱ्या फाउंडेशनचे एक-दोन थेंब मिसळले की पुरे. पावडर केवळ नाक व कपाळापुरती ठेवावी. रंगछटा दिवसाच्या उजेडात, जबड्याजवळ लावून पडताळावी.

आता किमतीचा विचार. समजा, 8 ग्रॅमची डबी 240 रुपयांना आणि 20 ग्रॅमची 400 रुपयांना मिळते. पहिलीचा दर ग्रॅमला 30 रुपये, तर दुसरीचा 20 रुपये. मात्र दुसरी मुदतीत संपणार नसेल, तर पहिलीच स्वस्त पडते. वेष्टनावर उघड्या डबीच्या चित्रात जो आकडा असतो, तो डबी उघडल्यानंतर किती महिने वापरता येईल हे सांगतो.

क्रीममधील मोत्यासारखी चमक बहुधा अभ्रकाची असते. टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा दिलेले अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे प्रकाश परावर्तित करतात. अभ्रकासाठी प्रसिद्ध असलेला पट्टा झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह जिल्ह्यांत आहे. आपले परमपूज्य तीर्थ सम्मेदशिखरजी याच गिरिडीह जिल्ह्यात आहे. तेथे बंद पडलेल्या खाणींमधून गरीब कुटुंबे अभ्रकाचे तुकडे वेचतात. स्थानिक लोक त्यांना ‘ढिबरा’ म्हणतात. या कामात लहान मुलेही राबतात आणि माती कोसळून जीव गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. ज्या जिल्ह्यात आपण वंदनेसाठी अनवाणी चालतो, तेथील मुलांच्या श्रमांतून आपल्या चेहऱ्यावर चमक यावी, हे मनाला पटत नाही.

प्रयोगशाळेत तयार केलेले अभ्रकही मिळते. घटकांच्या यादीत ते ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ या नावाने असते. परंतु केवळ खरेदी थांबविल्याने त्या कुटुंबांची चूल पेटणार नाही. म्हणून अभ्रक कोठून व कसे आणले, हे उत्पादकास विचारणे अधिक उपयुक्त ठरेल.

यादीतील आणखी काही नावे ध्यानात असावीत. ‘कार्माइन’ किंवा ‘सीआय 75470’ हा लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यांपासून मिळतो. ‘ग्वानिन’ अर्थात ‘सीआय 75170’ माशांच्या खवल्यांपासून काढतात. ‘सेरा अल्बा’ हे मधमाश्यांचे मेण होय. याउलट ‘सीआय 77491’ हा लोहाचा खनिज रंग आहे. 2014 पासून भारतात प्राण्यांवर प्रसाधनांच्या चाचण्या करण्यास बंदी आहे. तरीही चाचणी न होणे आणि प्राणिज घटक नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘क्रुएल्टी-फ्री’ हा शिक्का पहिलीचा दावा करतो, तर ‘व्हेगन’ हा दुसरीचा.

आपल्यापैकी अनेकांची प्रसाधनांची दुकाने आहेत. मालाची पुढील मागणी नोंदविताना घाऊक पुरवठादाराकडून घटकांचा व अभ्रकाच्या उगमाचा लेखी खुलासा मागवावा. एका ग्राहकाच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येते. दहा दुकानदारांनी तोच प्रश्न विचारला, तर उत्तर देणे भाग पडते.